मांडवाचे दोर

मांडवाला दोर कमी पडले, म्हणून अन्सारनं विमानाचे सोडून दिले. झालं ते एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीनं एका भल्या माणसाचा जीव घेतला, आणि वर त्याच्याच नावाला काळं फासायची वेळ आली.

विमान चालवायला शिकवणाऱ्या एका क्लबात दोन आसनांचं छोटं विमान होतं. दिसायला डौलदार, पण वजनाला बैलजोडीहून हलकं. म्हणून उघड्यावर उभं केलं की जमिनीतल्या लोखंडी कड्यांना तीन दोरांनी बांधायचं, दोन पंखांना आणि एक शेपटीला. हे काम देवगाव रंगारीच्या पुंजारामचं. नऊ वर्षांत त्याची एक गाठ चुकली नव्हती. अन्सार खुलताबादचा, मेकॅनिक, त्याचा वरिष्ठ. दुपारचा डबा दोघं एकत्र खायचे.

मे महिना होता. सायली नावाच्या मुलीनं पहिल्यांदाच एकटीनं विमान उडवलं, म्हणून तिचा सत्कार ठेवलेला. पाहुणे आले, औरंगपुऱ्यातून पेढे आले, आणि मांडववाल्याची सुतळी निघाली कुजकी! मॅनेजर खेकसला, "अन्सार, बघ काय ते!"

अन्सारनं शेपटीचा आणि डाव्या पंखाचा दोर सोडला.

"अन्सारभाई, राहू द्या ते," पुंजाराम म्हणाला. "दुपारचं वारं लई वंगाळ."

"अरे, तासाभराचा तर सवाल आहे. पाहुण्यांच्या डोक्यावर कापड पडलं म्हंजे?"

पुंजाराम सत्काराला गेलाच नाही, विमानापाशीच उभा राहिला.

भाषणं चालू असतानाच धुळीचा लोट आला आणि डावा पंख उचलला गेला. दुसरा कुणी असता तर पळाला असता. पण जन्मभर बिथरलेल्या बैलाचं दावं ज्यानं सोडलं नाही, तो कसला पळतोय! पुंजारामनं पंखाला मिठी मारली.

"सोड! अरे सोड त्याला!" अन्सार ओरडत धावला.

वाऱ्यानं पंख वर नेला, पुंजारामसकट. मग झटका ओसरला आणि सगळं खाली आदळलं. पुंजाराम त्याखाली सापडला. दवाखाना गाठेपर्यंत खेळ संपला होता.

"पुंजाराम दोर बांधायला विसरला," मॅनेजरनं सगळ्यांना सांगितलं. अन्सार मूग गिळून बसला. लाज वाटत होती, पण नोकरीची भीती त्याहून मोठी होती.

तिसऱ्या दिवशी पुंजारामची बायको आशाबाई त्याचा डबा न्यायला आली. पंचनामा व्हायचा होता, त्यामुळं मांडव तसाच उभा होता.

"भाऊ, लोक म्हणत्यात यांनी बांधलंच नव्हतं," ती म्हणाली. "गोठ्यातली दावी तीनदा बघून झोपणारा माणूस वो तो. खरं सांगा, विसरले व्हय?"

ऑफिसच्या दारात मॅनेजर डोळे वटारून उभा होता. अन्सारनं त्याच्याकडं पाहिलं, आणि आशाबाईला मांडवाच्या खांबापाशी नेलं.

"वहिनी, हे विमानाचे दोर. पुंजारामनं बांधले होते. मी सोडून इथं लावले. तो नको म्हणत होता. आता पोलिसांना बी हेच सांगणार हाय."

आशाबाईनं दोर मुठीत धरून हिसका दिला. खांब हलला नाही, वरचं कापडही जागचं सरकलं नाही.

"लई पक्का बांधलाय की भाऊ," ती म्हणाली, आणि तिथंच मटकन खाली बसली.