मास्तरचं ‘ॲन’

आमच्या मास्तरले लकवा मारला, त्या दिवशी मले वाटलं, चला, आता महिनाभर तरी हा माणूस कोणाची चूक काढणार नाही. वाटलं ते वाटलं, लपवून काय करू? मले काय माहीत का त्याईचं बोलणंच जाईल.

मास्तर म्हणजे माझे मालक, खुशालराव. बाळापूरच्या हायस्कुलात सारी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली. त्याईचा जीव कशात अडकला होता विचाराल, तर ‘ए’ कुठं लावायचं अन् ‘ॲन’ कुठं लावायचं यात. बाकी जग बुडलं तरी चालेल, पण पोट्ट्यानं ‘ए एग’ म्हटलं का यांच्या अंगाचा तिळपापड. वर्गात हाती लागेल ते वर धरायचे, पेन, छत्री, कोणाच्या डब्यातलं अंडं, अन् ‘ए’ का ‘ॲन’ ते साऱ्या वर्गानं ओरडायचं. चुकला तो उभा, दुसरा चुकेपर्यंत. लग्नाची पत्रिका आली तर आधी लाल पेन काढत, मग तारीख पाहत. एका दुकानाच्या पाटीवर ‘ए’ चुकला म्हणून पेंटरले शिडीवर पुन्हा चढवला होता या माणसानं.

घरी तर काय बोलाची सोय नव्हती. माझं माहेर वलगावचं, भाजीपाल्याचं घर, शिक्षण सातवी. मी ‘पानी’ म्हटलं का ते ‘पाणी’ म्हणत. भाजीत मीठ चुकलं, कुलूप उलटं लावलं, पाहुण्याले आधी चहा दिला अन् मग पाणी दिलं, साऱ्यात माझं चुकलंच. मीही काही मूग गिळून बसणारी नव्हती. मी म्हणत जाव, तुमच्या वर्गात नाही बसली मी, बायको करून आणलं तुमी मले. भांडण व्हायचं, पण घरात आवाज राहायचा.

अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तवा उजवा हात लुळा अन् तोंडातून नुसतं ‘अं, अं’. पाणी पाहिजे असलं तर खिडकीकडं बोट दाखवत. मी खिडकी उघडायची, ते मान हलवत. मी बंद करायची, ते रडत. जन्मभर दुसऱ्याचे शब्द तपासणाऱ्या माणसाले स्वतःचा एक शब्द सापडत नव्हता. पोरगी आकांक्षा अमरावतीहून आली, पंधरवडा राहिली, मग तिच्या लेकरांची शाळा म्हणून गेली. तिचं तरी काय चुकलं? पण ती गेली अन् घर खायाले उठलं.

अकोल्याले पौर्णिमा मॅडम म्हणून एक पोरगी आहे, लकव्याच्या माणसांले बोलणं शिकवते. दर हप्त्याले मी त्याईले घेऊन तिच्याकडं जाव. यांचा जुना विद्यार्थी गोपाल, मोबाइलचं दुकान आहे त्याचं, तो गाडीनं नेऊन आणायचा. मॅडम चित्र दाखवी, विचारे, काका हे काय? कप, चावी, गाय. काही नाही. मास्तर घामाघूम होत, ओठ हलत, शब्द काही निघत नसे.

एकदा मॅडमनं छत्रीचं चित्र धरलं. गोपाल मांगं उभा होता. त्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, तो हळूच म्हणाला, “सर, ए अंब्रेला.”

“ॲन!” मास्तर कडाडले. “ॲन अंब्रेला!”

तोच आवाज, जसाच्या तसा. अन् डाव्या हातानं खूण केली, उभा राहा. गोपाल उभाच होता बिचारा, पण आणखी ताठ झाला अन् लहान लेकरासारखा रडाले लागला. मीही रडली. मॅडमनं मग समजावून सांगितलं का जे जन्मभर घोकलं असते ते डोक्यात कुठं तरी खोल राहते. कोणाचे पाढे राहतात, कोणाची आरती, कोणाच्या शिव्या. यांचं हे राहिलं.

झालं. गोपालनं गावभर केलं, सर बोलले. जुने विद्यार्थी येऊ लागले. कोणी तहसीलमध्ये कारकून, कोणाचं किराणा दुकान, सारे टोणगे खाटेसमोर बसून ‘ए ऑफिस’, ‘ए आइस्क्रीम’ म्हणत अन् सरकडून ‘ॲन’ ऐकून खुश होऊन जात. मास्तरही खुश. मी आपली चहा करून राहिली. मी पुढं जाऊन म्हटलं, मले तरी काही म्हणा, तर पुन्हा ते ‘अं, अं’. मले मनातून भल्लं लागलं. साऱ्या गावाशी बोलतो हा माणूस, अन् जी हागणंमुतणं काढून राहिली तिच्यासाठी एक शब्द नाही याच्यापाशी.

मग मी ठरवलं, माझं नाव म्हणवून घेईन. सकाळी तोंड पुसलं का म्हणायची, “म्हणा, जयवंता.” संध्याकाळी पुन्हा. ते माझ्या तोंडाकडं पाहत, ओठ हलवत, मग डोळे भरून येत. एखाद्या दिवशी मी चिडत जाव. मॅडमले सांगितलं तर ती म्हणाली, “काकू, काका तुम्हाला घरी काय म्हणायचे? तेच वापरू.”

काय सांगू बाप्पा? आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नव्हता. लग्नात उखाणा घेतला असेल तेवढाच. नंतर हे ओसरीवर बसून खाकरत, अन् मी स्वयंपाकघरातून येत जाव. एवढंच होतं आमचं. जे कधी तोंडात आलंच नाही ते आता कुठून निघावं? ज्या पोट्ट्याईले रोज उभं केलं त्याईचे शब्द राहिले, अन् मी बिननावानं संसार केला म्हणून माझं काहीच राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कांदा चिरून राहिली होती. काय झालं मले कोण जाणे, अर्धा कांदा हातात घेऊन तशीच खाटेसमोर जाऊन उभी राहिली अन् म्हटलं, “ए अनियन.”

मास्तरनं मान वर केली. माझ्याकडं पाहिलं, नीट, रागानं, पूर्वी पाहत तसं. म्हणाले, “ॲन.”

बोलले, माझ्याशी बोलले. मी हासली का रडली, कांद्यानं का कशानं, मले आठवत नाही.

त्या दिवसापासून मी रोज चुकू लागली. आकांक्षाले फोन करून एकेका वस्तूचं इंग्रजी नाव विचारत जाव. तासाले काय म्हणतात? अवर. मग ‘ए अवर’. मास्तर तर उसळलेच, दोनदा म्हणाले, “ॲन अवर. ॲन.” कधी उलटं, ‘ॲन बस’. तर ते कपाळावर हात मारत, “ए! ए बस!” आकांक्षा फोनवर म्हणाली, “आई, तुले अजून समजलं नाही काय, ॲन कवा लावायचं?” मी म्हटलं, “समजलं वं बाई, पहिल्याच दिवशी समजलं. पण बरोबर म्हटलं तर ते नुसते पाहत राहतात. चुकली तर बोलतात.”

मॅडम म्हणे, काकू, मुद्दाम चुकीचं नका बोलू, त्यांना नवीन शब्द द्या. मी तिले म्हटलं, तुमचं शास्त्र तुमच्यापाशी ठेवा बाई. चाळीस वर्षं हा माणूस मले चूक म्हणत आला अन् मी जळत आली. आता त्या ‘ॲन’साठी मी सकाळची वाट पाहत जाव. खरं सांगते, लग्नानंतर एवढं गोड मले कधी वाटलं नव्हतं.

संक्रांतीच्या आधी एका दुपारी मी ‘ए आय’ म्हणून माझ्या डोळ्याकडं बोट केलं. ते म्हणाले, “ॲन आय.” अन् थांबले नाहीत. डावा हात माझ्याकडं केला, ओठ जुळवले अन् “ज... ज...” करू लागले. मी म्हटलं, “व्हय, म्हणा, म्हणा ना.” पण ते थकले, डोळे मिटले. मी म्हटलं जाऊ द्या, उद्या म्हणतील, अन् त्याईच्या अंगावर चादर ओढली.

पहाटे दुसरा झटका आला. गोपालनं गाडी काढली, पुन्हा अकोला, पुन्हा तोच दवाखाना. डॉक्टर म्हणाले, आता घरी घेऊन जा, जपा. हात तसाच, तोंडही तसंच, फक्त नजर कुठं तरी लांब गेली होती.

आकांक्षानं अमरावतीहून संत्री आणली होती. घरी आल्यावर मी एक हातात घेतलं, त्याईच्या डोळ्यासमोर धरलं.

“ए ऑरेंज.”

काही नाही. मले वाटलं ऐकू नाही गेलं. मोठ्यानं म्हटलं. मग ‘ए एग’ म्हटलं, ‘ॲन बुक’ म्हटलं, ‘ॲन चेअर’ म्हटलं, जेवढं येत होतं तेवढं सारं उलटं म्हटलं. आकांक्षा दारात तोंडाले पदर लावून उभी होती. मी खाटेवर बसून त्याईचा खांदा धरला.

“अवो, चुकली ना मी. सांगा ना, चुकली म्हणून.”

त्याईनं माझ्याकडं पाहिलं. लय वेळ पाहिलं. मग मास्तर वर्गात चांगल्या पोराले जशी मान हलवत, तशी हळूच माझ्यासाठी मान हलवली. बरोबर आहे म्हणून.

साऱ्या संसारात या माणसानं मले पहिल्यांदा बरोबर म्हटलं. मले नको होतं ते. मी ते संत्रं सोललं, एक फोड त्याईच्या ओठाले लावली, अन् तिथंच बसून रडली.