सापळ्यांआधीचे पतंग

मूर्तिजापूरच्या कपाशीत मादीच्या वासाने पतंग ओढणारे कामगंध सापळे लावले गेले ते २३ जुलै २०१८ रोजी. आमच्या चार ठिकाणांच्या आलेखानुसार त्याच सापळ्यांत गुलाबी बोंडअळीचे एकतीस पतंग १६ जुलैच्या मोजणीत सापडले होते.

प्रकल्पप्रमुख किसनरावांना निष्कर्ष काढायला पाव मिनिट पुरले. "आकडे घरी बसून भरलेत. चार वाजताच्या बैठकीत मूर्तिजापूर वगळा, आणि तो देवराव पुढच्या हंगामात नको."

मी पुरावा मागितला. "तुमच्याच कागदावर आहे की," असे म्हणून ते जेवायला गेले.

देवराव हे मूर्तिजापूरचे आमचे निरीक्षक. दर सोमवारी पतंग मोजून वहीत लिहीत. अडीच वाजता ते वही घेऊन अकोल्याच्या कार्यालयात आले.

"काहून साहेब, मी चोर झालो म्हने?"

"अजून सिद्ध झालेले नाही."

"मंग पतंग आधी आले, अन् त्यायनंच मले निरोप धाडला का, या देवराव, सापळे लावा म्हनून?"

आलेख करणाऱ्या लुबनाला हसू आवरेना. "काका, मी तिथल्या वह्यांशी ताडून पाहिलंय. दर्यापूर आणि भातकुली, एकही आकडा चुकलेला नाही."

"दोन ठिकाणे ताडून पाहिली म्हणजे चारही बरोबर, हे कोणत्या शास्त्रात बसते?" मी विचारले.

"घाईच्या, सर."

देवरावांनी वही पुढे केली. ती मी खणात ठेवली. जिच्यावर संशय, तीच साक्षीला घेता येत नाही. मग आलेखातल्या, दर ठिकाणाची एक अशा चारही चौकटींच्या नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि म्हणालो, "यातली तुमची ओळखा."

देवरावांनी चष्मा पुसला आणि खालच्या उजव्या चौकटीवर बोट ठेवले. "हे माही. वीस ऑगस्टले शून्य हाय, पाहा. वाऱ्यानं सापळ्याच्या पिशव्या फाटल्या होत्या, एक बी पतंग नोता. घरवाली म्हने, चार-दोन तरी लिवा, बरं दिसते. म्या नाई लिवले."

"काकूंचं ऐकलं असतं तर आज फसला असता," लुबना म्हणाली.

"तिले सांगू नको, बेटा. नाई तं आनखी ऐका लागते."

पट्टी काढली. खाली नाव होते अमरावती. त्या चौकटीतल्या पहिल्या दोन मोजण्या रिकाम्या होत्या. अमरावतीला सापळे ९ जुलैलाच लागले होते. तिथे रिकाम्या जागेचे काहीच कारण नव्हते. वही खणातून काढली. त्या चौकटीतले उरलेले सर्व आकडे तिच्याशी जुळले.

लुबनाने आपला प्रोग्राम उघडला. साडेतीनला नवा आलेख किसनरावांच्या हाती होता. त्यांनी तो दोनदा पाहिला, देवरावांना स्वतः खुर्ची दिली आणि चहा मागवला. मूर्तिजापूर बैठकीत राहिले, देवरावही राहिले. माझ्या टिपणात कारण पुढीलप्रमाणे नोंदले आहे.

आलेख काढणारी लायब्ररी, म्हणजे लुबनाच्या प्रोग्राममधला तयार आज्ञासंच, चौकटी वर्णानुक्रमे मांडते: अमरावती, दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर. तिच्यात मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटत होते, म्हणून लुबनाने तिची नावे बंद केली आणि स्वतःच्या यादीतली नावे चित्रावर चढवली. ती यादी कार्यालयाच्या सवयीप्रमाणे, अकोल्याहून निघणाऱ्या आमच्या जीपच्या वाटेने होती: मूर्तिजापूर, दर्यापूर, भातकुली, अमरावती. मधली दोन नावे दोन्ही क्रमांत एकाच जागी येतात, आणि तपासली होती नेमकी तीच. पहिल्या व शेवटच्या चौकटीच्या नावांची अदलाबदल झाली होती.