बावटा दिसला की

आमच्या घरात बावटा दिसला की सगळं चालू होतं. माझ्या नवऱ्याची, विनेशची बोट खांदेरी बेटाच्या बाजूनं वळली आणि तिचा निळा बावटा दिसला, की सासू भात चढवते, मी पाणी तापत ठेवते. दोन वर्षं त्यात माझं आणखी एक काम होतं, सासूला ठाऊक नसलेलं. मोरीत जाऊन मी खालून अंगात सरकवायची एक गोळी ठेवत असे, दिवस राहू नयेत म्हणून.

दुसऱ्या बाळंतपणात माझं रक्त थांबेना. पुन्हा दिवस गेले तर जिवाशी गाठ आहे, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. तोंडानं घ्यायच्या गोळ्यांनी गरगरायचं, आणि निरोधचं नाव काढलं की विनेश घुम्यागत बसायचा. म्हणून मेडिकलमधून ही गोळी आणली. या महिन्यात पाळी चुकली आणि माझी पाचावर धारण बसली.

अलिबागला डॉक्टर रश्मीताईंनी लघवी तपासली. "दिवस गेलेले नाहीत, किशोरी. गोळी कधी ठेवता?"

"बावटा दिसला की."

"आणि नवरा घरी कधी येतो?"

मी सांगू लागले. मासळी उतरवायची, निवडायची, लिलाव, आंघोळ, जेवण, मग पोरं झोपणार. सांगता सांगताच मला कळलं, यात तीन-चार तास तरी जातात.

"गोळी विरघळायला दहा मिनिटं लागतात," ताई म्हणाल्या, "आणि जोर टिकतो जेमतेम तासभर. तुमचं औषध भाताबरोबरच शिजून संपत होतं. वेळेवर ठेवली तरी वर्षभरात पाचांतल्या एकीला दिवस जातात. जळजळ होते?"

"व्हते. मना वाटलं, खाऱ्या पाण्यानं."

"औषधानं. सारखं वापरलं की आतली त्वचा सोलवटते, मग रोगाला वाट मिळते. रोग तर ही गोळी अडवतच नाही."

पुरुषाचं बीज एका वेळेला असतं तरी किती, मी विचारलं. कोटींनी, त्या म्हणाल्या. मी गाबोळी चिरणारी बाई, माशाच्या पोटात केवढी अंडी असतात ते जाणते, तरी थक्क झाले. दोन वर्षं कोटींनी बीजं येत होती आणि दारात राखणदार नव्हता. तरी मी जिवंत होते.

"एकवीराआईनं राखलं," मी म्हटलं.

"आईला किती राबवाल? तांबी बसवा, कॉपर-टी. मग वेळ पाळायला नको."

जळजळ थांबली, पाळी आली, तांबी बसली. काल किनाऱ्यावर सुकट वाळत घालत होते, तोच बावटा दिसला. पाय सवयीनं घराकडे वळले आणि थांबले. दोन वर्षांत मी नुसता बावटाच पाहिला होता, बोट कधी पाहिलीच नव्हती. काल पाहिली. ती लाटेवर चढत होती, उतरत होती, आणि पुढच्या टोकाला विनेश उभा होता. एवढ्या अफाट पाण्यातून हा माणूस रोज परत येतो, याचं मला इतकं नवल वाटलं की रडूच आलं.

तो उतरला, माझ्याकडे बघत राहिला. "आज घरान न्हाय पलालीस?"

"न्हाय," मी म्हटलं. "आज तुला बघाला थांबले."