आठ न्यूटन

गुण दाखवायच्या दिवशी मला माझी मुलं आवडत नाहीत. वर्षभर ज्यांना भौतिकशास्त्र शिकवतो, तीच त्या दिवशी वकील होऊन येतात. मा ते-ग्यंग तर लेखी हरकत तयार करूनच शिक्षकांच्या खोलीत आला.

"सर, न्यूटन लिहिलं नाही म्हणून गुण कापलात. प्रश्नातच 'किती न्यूटन' असं विचारलंय. मग मी पुन्हा कशाला लिहू?"

मुद्दा बरोबर होता, म्हणूनच माझं डोकं फिरलं. पहिली श्रेणी वर्गातल्या ठरावीक जणांनाच मिळते; तिची शेवटची जागा अर्ध्या गुणाने बांग जुन-ओकडे होती आणि त्या श्रेणीशिवाय ते-ग्यंगला वैद्यकीयचं दार बंद होतं. दोघं जिवलग मित्र, एकाच क्लासला जाणारे.

"हरकत घेतलीस की अख्खं उत्तर पुन्हा तपासतात. माहीत आहे ना?"

"तपासा की. उत्तर आठच आहे."

नियमाप्रमाणे पेपर भौतिकशास्त्राच्याच दुसऱ्या शिक्षिका, प्यो बाईंकडे गेला. वाचता वाचता त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझे कान तापले.

दोन विद्युतभारांमधलं अंतर ३ × १०⁻² मीटर. पठ्ठ्याने वर्ग करताना तिनाचे नऊ केले, पण दहाचा घात −२ तसाच ठेवला. तो −४ व्हायला हवा होता. बल शंभरपट कमी झालं. शेवटी ०.८ × १०⁻¹ आलं. तिथे ०.८ चे ८ करताना घात एकाने कमी करायचा, तर याने वाढवला. बल शंभरपट वाढलं. एका चुकीने दुसरी झाकली आणि मी नुसते आठ बघून बरोबरची खूण केली होती.

"न्यूटनचा एक गुण मिळाला," प्यो बाई म्हणाल्या. "रीतीचे तीन गेले."

ते-ग्यंग पांढराफटक पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"सर, हे तुम्हाला आधी दिसलं नव्हतं?"

"नव्हतं."

"मग बाकीच्यांचंही दिसलं नसेल."

"कोणाचं?"

त्याने दाराकडे पाहिलं. बाहेर जुन-ओ दोघांची दप्तरं सांभाळत उभा होता.

"बांग जुन-ओचं. त्याला घात जमत नव्हते. मीच शिकवलेत."

"अरे, मित्र ना तो तुझा?"

"त्याचा पेपर काढा, सर."

काढावाच लागला. त्याच दोन चुका, त्याच ओळींवर. जुन-ओने न्यूटन नीट लिहिलं होतं, त्यामुळे त्याला परत मिळण्यासारखं काही नव्हतं. तीन गुण गेले. त्या दोघांच्या मागचा मुलगा बराच मागे होता, म्हणून ती जागा ते-ग्यंगकडे आली, अर्ध्या गुणानेच.

तो मला वाकून नमस्कार करून बाहेर पडला. दार उघडंच राहिलं.

"मिळाला का रे गुण?" जुन-ओने विचारलं.

"मिळाला."

"सुटलास बाबा. चल, आज तिखट त्तोकबोक्की खाऊ, माझ्याकडून," असं म्हणत जुन-ओने त्याचं दप्तर त्याच्या खांद्यावर अडकवलं.