नाखोदकाची पाच पत्रं

हौशी लोकांनी चालवलेल्या फिडो या संदेशजाळ्यात पेर्म शहरातला सगळ्यात कडक नोडवाला, म्हणजे टपालाचं केंद्र चालवणारा, तो रोदिओन. घरच्या टेलिफोनला मोडेम जोडून चाळीस जणांचं टपाल तो फुकट हाताळायचा, आणि तोराही चाळीस जणांना पुरेल एवढा मिरवायचा. "माझ्याकडे पत्र हरवत नाही," हे तो कुणी विचारण्याआधीच सांगून टाकायचा.

हेच त्याने येवसेई मार्कोविचला सव्वा वर्ष ऐकवलं होतं. म्हातारा निवृत्त रेडिओ इंजिनिअर. मुलगा गेरा कारखान्यातली नोकरी सोडून दूर नाखोदका बंदरात जहाजावर गेला, तेव्हा बापाने तीनदा त्याच्याशी बोलता बोलता फोन आपटला. माफी मागायची तर लिहून माग, म्हणाला. मग गुपचूप स्वतःच मोडेम आणला, रोदिओनच्या नोडवर नाव घातलं, आणि दर रविवारी रोदिओनकडे येऊन विचारू लागला, काही आलं का?

जूनमधल्या त्या रविवारी सकाळी टपाल छाटणारा नवा प्रोग्राम तपासायचा होता. चाचणीला खरं टपाल हवं, पण लोकांचं चालू टपाल कोण पणाला लावणार? रोदिओनने टाकाऊ पत्रांचा फोल्डर त्याच्यापुढे टाकला. जुना प्रोग्राम मुखदुर्बळ होता, अडवलेलं पत्र मुकाट्याने तिथे ढकलून मोकळा व्हायचा. नवा मात्र भलताच बोलका निघाला. पत्र कुणाचं, कुणाला, विषय काय आणि कुणी अडवलं, सगळं पडद्यावर सांगत सुटला.

"चालतंय का रे तुझं लाडकं?" खिडकीशी चहा ओतत म्हाताऱ्याने विचारलं. चष्मा घरीच राहिला होता.

"चालतंय काय, पळतंय. जुनं तर याच्यापुढे..."

पडद्यावर एकाखाली एक पाच ओळी होत्या, पाचही गेराकडून येवसेई मार्कोविचला. बाबा, माफ करा. मुलगी झाली. नाव आईचंच ठेवलंय, लीदा. फोटो पाठवू का? बाबा, आता पुन्हा लिहीत नाही.

आणि प्रत्येक ओळीपुढे कारण एकच. नोड काळ्या यादीत, आदेश रोदिओनचा.

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये नाखोदकाच्या नोडवाल्याशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं. कशावरून, तर पत्राखालची सही तीन ओळींची असावी की पाच, यावरून. आठवडाभराची शिक्षा म्हणून याने तो अख्खा नोडच काळ्या यादीत टाकला आणि साफ विसरून गेला. असला फालतूपणा करताना माणसाला स्वतःची केवढी ऐट वाटते!

एक कळ दाबली की फोल्डर रिकामा होणार होता. बोट त्या कळीवर गेलंही. पुढे कित्येक दिवस त्याला त्या बोटाची शिसारी येत राहिली.

"येवसेई मार्कोविच, गेराने लिहिलंय. पाच पत्रं. पहिलं गेल्या वर्षीच्या मार्चमधलं."

म्हातारा हसला. "चेष्टा नको, रोद्या. चहा सांडेल."

"चेष्टा नाही. इथेच पडून होती. मीच अडवली होती."

त्याने नुसते विषय वाचून दाखवले. दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही हा फिडोचा नियम त्याने अशा वेळीही पाळला. म्हाताऱ्याने किटली हळूच खाली ठेवली. त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर रोदिओनला बरं वाटलं असतं.

"शेवटचं कधीचं?"

"या एप्रिलचं."

"फोन दे."

टेलिफोनच्या लाईनवर मोडेम होता, रविवारचं टपाल उतरत होतं. रोदिओनने वायर उपटली. चाळीस जण खोळंबले तर खोळंबले. नंबर बापाला तोंडपाठ होता, तरी दोनदा चुकला. तिसऱ्यांदा पलीकडे कुणीतरी उचलला. म्हाताऱ्याने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. माफीचं नाही, पत्रांचं नाही, कशाचंच त्याने नाव काढलं नाही.

"गेरा," तो म्हणाला, "लीदा चालायला लागली का रे?"