मेन स्विच बंद करून

फोनवाला तिसऱ्यांदा दारात उभा राहिला, तेव्हा बाईंनी आधी त्याच्या हाताकडे पाहिलं.

"बॅटरी आणलीत?"

"काकू, आधी पाणी तरी द्या."

बाईंनी पाणी दिलं. हट्ट तेवढा सोडला नाही. सगळ्या गल्लीचे फोन इंटरनेटवर गेले होते, याच घराची जुनी तार चार महिने लोंबकळत होती. कारण होतं नवऱ्याच्या गळ्यातलं बटण. दोनदा न्हाणीघरात पडल्यापासून ते त्यांच्या गळ्यात होतं. दाबलं की फोनमधून थेट दवाखान्यातलं माणूस बोलायचं. जुना फोन लाईट गेली तरी चालायचा. नवा इंटरनेटचा डबा मात्र विजेवर चालणारा.

पहिल्या खेपेला फोनवाल्याने डबा जोडून बटण दाबून दाखवलं होतं. "झकास चालतंय." तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईंनी मेन स्विच खाली ओढला. बटण मुकं झालं. त्याने जुनी तार परत जोडली आणि फॉर्मवर लिहिलं : ग्राहकामुळे विलंब. ते बाईंना अजून सलत होतं. दुसऱ्या खेपेला तो बॅटरी न आणता नुसतीच सही मागायला आला होता.

आज त्याने पिशवीतून बॅटरी काढली, डब्याला जोडली. "तासभर चालते. करा सही."

"तासाभराने करते." बाईंनी स्विच ओढला, घड्याळाचा गजर लावला.

"काकू, अजून चार घरं आहेत मला."

"मग लवकर यायचं होतं."

पलंगावरून नवरा म्हणाला, "बस रे बाबा. मी चाळीस वर्षं बसलोय."

फोनवाला बसला. पंखा बंद, खोलीत उकाडा. पन्नासाव्या मिनिटाला डब्यावरचा हिरवा दिवा तांबडा झाला. तो चुळबुळला, बाई जागच्या हलल्या नाहीत.

गजर झाला. नवऱ्याने बटण दाबलं. डबा खरखरला, खरखरतच राहिला, आणि मग आवाज आला, "बोला आजोबा, काय झालं?"

"काही नाही पोरी. आमची परीक्षा चाललीय."

बाईंनी पेन उचललं, पण आधी बोट ठेवलं ते 'ग्राहकामुळे'वर. फोनवाल्याने तो शब्द खोडला, वर लिहिलं 'बॅटरीअभावी'. मग आपण होऊन खाली पट्टीने एक नवा रकाना आखला : लाईट बंद करून तपासलं.

बाईंनी सही केली.

"अगं," नवरा म्हणाला, "आता पंखा तरी लाव."