स्वतःहून रद्द

“तारीख काढून घेत नाही गं तुझी. पद्धत बदलली आहे,” खिडकीबाई एकशेबाराव्यांदा तेच सांगत होत्या. “सोमवारपासून ज्या दिवशी दुखेल त्याच दिवशी डॉक्टर. सकाळी आठला फोन करायचा, की झालं.”

फोनवरची मुलगी म्हणाली, “मला सकाळी उठवतच नाही हो. तेच दाखवायला यायचं होतं.”

“मग दोन गजर लाव!”

“बरं.”

खिडकीबाईंनी यादीवर खूण केली आणि पुढचा नंबर फिरवला.

विद्यापीठाच्या दवाखान्यात त्या बावीस वर्षं नावनोंदणीच्या खिडकीत बसत होत्या. नाव मुलांनीच ठेवलेलं. पूर्वी तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळे. तोवर निम्म्यांचा खोकला आपोआप जाई, ती मुलं फिरकत नसत. डॉक्टर रिकामे आणि बाहेर तापानं फणफणलेली पोरं ताटकळत. तपासणीच्या रोज किती वेळा वाया जातात याचा तक्ता करून खिडकीबाईंनीच वरिष्ठांच्या मागे लकडा लावला होता.

नव्या पद्धतीसाठी आधीच्या एकशेचाळीस तारखा पुसायच्या होत्या. कॉम्प्युटर प्रत्येक तारीख पुसण्याचं कारण विचारी, आणि कारणं दोनच: ‘डॉक्टर रजेवर’ आणि ‘स्वतःहून रद्द’. डॉक्टर तर समोर बसल्या होत्या. खिडकीबाईंनी एकशेचाळीस वेळा दुसरं दाबलं.

पद्धत छान चालली. “तुमच्या कृपेनं कॉरिडॉरमधून चालता येतंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

अडीच महिन्यांनी, परीक्षा संपल्यावर, एक गृहस्थ खिडकीशी आले.

“माझी मुलगी पेपरला बसली नाही. आजारी होती असा कागद द्या, नाहीतर तिचं नाव काढताहेत.”

“इथं आली होती का?”

“तारीख घेतली होती म्हणते. ती तुम्ही रद्द केलीत, आणि आठला फोन करायला तिला जाग येईना. दुपारी दोन-दोनला उठायची. मला वाटलं, आळस. नाही नाही ते बोललो तिला.”

खिडकीबाईंनी नाव शोधलं. ते वाकून पडद्यावर वाचत होते.

“स्वतःहून रद्द,” ते हळूच म्हणाले. “म्हणजे तिनंच? मग खोटं का सांगावं बापाला?”

खिडकीबाईंनी आत जाऊन डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं.

“मी तिला तपासलेलंच नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आजारी होती असं कसं लिहू? आणि नोंद चुकली असं लिहून दिलंत, तर उद्या एकशेचाळीस जण दारात उभे राहतील.”

“राहू देत. निदान येतील तरी.”

“नोकरीची तीन वर्षं राहिली आहेत तुमची. कशाला अंगावर ओढवून घेता?”

“तुमच्या नावानं नाही लिहीत, बाई. माझ्या लिहिते.”

परत येऊन त्यांनी हातानं लिहिलं: ‘ही तारीख विद्यार्थिनीने रद्द केलेली नाही, मी केली. आपल्याला सकाळी उठवत नाही, तेच दाखवायचे आहे, असे तिने फोनवर सांगितले होते. मी ते ऐकले, पण नोंदवले नाही.’ खाली सही, तारीख, हुद्दा.

गृहस्थांनी कागद दोनदा वाचला.

“चालेल एवढ्यानं?”

“सांगता येत नाही. डॉक्टरांचा कागद नाही हा. पण परीक्षा विभाग पाचला बंद होतो, लगेच जा.”

पाचला वीस मिनिटं होती. त्यांनी मान हलवली, पण ते जिन्याकडे वळले नाहीत. रिकाम्या बाकावर बसून त्यांनी फोन लावला.

“झोपली होतीस का गं? नाही, ओरडत नाहीये. ऐक. तू खरं सांगत होतीस.”

फोन कानाशी धरून ते तसेच बसून राहिले. कागद मांडीवर होता आणि त्याला घडी पडू नये म्हणून त्यांनी त्यावर तळहात पसरून ठेवला होता.